तुम्ही विचारलंत म्हणून : कारुसो आणि एक पद

घरी आलेल्या माणसाची नजर कोपऱ्यातल्या चावीच्या ग्रामोफोनवर गेली की पुढचा प्रश्न मला तोंडपाठ झालेला आहे. तुम्हाला इटालियन येत नाही, ऑपेरा तुम्ही थिएटरात बसून कधी पाहिलेला नाही, स्वच्छ पुसून काढलेली ध्वनिमुद्रणे आज हवी तेवढी मिळतात. मग शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एन्रिको कारुसो या इटालियन ऑपेरागायकाला तुम्ही या खरखरीतून का ऐकता? बहुतेक वेळा मी हसून चहा पुढे करतो, कारण उत्तर चहा संपेपर्यंत आटोपणारे नाही. मागच्या महिन्यात एका स्नेह्याने हाच प्रश्न पत्रातून विचारला आणि उत्तर लेखीच हवे असे बजावले, म्हणून हा खटाटोप.

उत्तराची सुरुवात एका पदापासून करावी लागेल. गाएतानो दोनिझेत्तीचा ‘लेलिझीर दामोरे’ हा १८३२ सालचा विनोदी ऑपेरा आहे. त्यातला नेमोरिनो हा भाबडा खेडूत गावच्या श्रीमंत पोरीवर जीव टाकतो, आणि एक फिरता वैदू त्याला वशीकरणाचे औषध म्हणून साधी दारू विकतो. असा सगळा हसवाहसवीचा मामला चालू असताना दुसऱ्या अंकात त्याला तिच्या डोळ्यांत पाणी दिसते आणि तो एकटा उभा राहून गातो, ‘उना फुर्तीवा लाग्रिमा’, म्हणजे ‘एक चोरटा अश्रू’. विनोदी नाटकाच्या मधोमध हे उदास चालीचे पद ठेवण्यात दोनिझेत्तीचे धाडस होते आणि गाणाऱ्याची परीक्षाही, कारण इथे ओरडून काहीच साधत नाही. कारुसोने हे पद १९०२, १९०४ आणि १९११ अशा तीन वेळी तबकडीवर गायले आहे. त्याच्या आयुष्यातले मोठे वळण आले की हा ऑपेरा कुठे ना कुठे हजर असतो, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आले.

कारुसोचा गळा दैवी देणगी होता असे लोक समजतात, आणि तिथेच माझे त्यांच्याशी पटत नाही. २५ फेब्रुवारी १८७३ रोजी नेपल्समध्ये एका कारखान्यातल्या मेकॅनिकच्या घरी तो जन्मला. एकवीस भावंडांतला तो अठरावा, ही गोष्ट अनेक पुस्तकांत फिरत राहिली. नोंदी पाहिल्यावर ती सात भावंडांतला तिसरा इतकी आटोपशीर निघाली. लहान वयात तो एका कारागिराकडे उमेदवारीला लागला आणि रस्त्यावरचे पाण्याचे सार्वजनिक कारंजे बसवण्याच्या कामात त्याने हात काळे केले. आवाज गोड होता पण बारका, आणि वरच्या स्वरांवर हमखास फुटणारा. त्याच्या पहिल्या गुरूने, गुल्येल्मो वेर्जिनेने, शिकवणीच्या बदल्यात पुढच्या कमाईतला चौथा हिस्सा पाच वर्षे द्यायचा करार करून घेतला, आणि पाच वर्षे म्हणजे प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांची पाच वर्षे अशी मेख त्यात मारून ठेवली. त्या हिशेबाने कारुसो म्हातारा होईपर्यंत हप्ते भरत बसला असता. प्रकरण कोर्टात गेले आणि ठोक रक्कम देऊन त्याने मान सोडवून घेतली. त्याचे सुरुवातीचे एक छायाचित्र मला फार आवडते. त्यात तो खांद्यावर एखाद्या रोमन सरदारासारखे वस्त्र लपेटून ऐटीत बसलेला दिसतो. ते वस्त्र म्हणजे पलंगपोस आहे, कारण त्याचा एकुलता एक सदरा त्या वेळी धुवायला गेला होता.

१८९५ साली नेपल्समध्येच तो पहिल्यांदा रंगमंचावर आला. पुढची तीनचार वर्षे लहान गावांतली थिएटरे, पडेल ती कामे आणि वरच्या स्वरांवरची मेहनत यांत गेली. ती मेहनत त्याच्याकडून व्हिन्चेन्झो लोम्बार्दी या संगीतसंचालकाने करून घेतली. तरीही तार सप्तकातल्या त्या प्रसिद्ध ‘सी’ स्वराशी त्याचे सख्य कधीच पुरते जमले नाही, आणि पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधले पद तो अनेकदा अर्ध्या स्वराने पट्टी उतरवून गात असे. मिलानच्या ला स्काला थिएटरात डिसेंबर १९०० मध्ये तो याच ‘ला बोएम’मधून उतरला, तेव्हा तब्येत बरी नव्हती, तालमीत आवाज राखून गातो म्हणून वाद्यवृंद चालवणारा तोस्कानिनी चिडलेला होता, आणि प्रयोग बेताचाच झाला. दोन महिन्यांनी त्याच थिएटरात, त्याच तोस्कानिनीच्या हाताखाली, ‘लेलिझीर’ लागला. सुरुवातीला प्रेक्षागृह थंड होते. मग कारुसो गाऊ लागला आणि ला स्कालातल्या लोकांनी आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकांसारखा वन्समोअर घेतला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९०१ रोजी, तो हाच नेमोरिनो घेऊन आपल्या गावी, नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात, उभा राहिला. तिथे पुढच्या रांगांत बसणाऱ्या दर्दी मंडळींना प्रयोगाआधी जाऊन नमस्कार घालण्याची रीत होती, ती त्याने पाळली नाही. गावाने त्याला थंडपणे ऐकले आणि वर्तमानपत्रात नाके मुरडली गेली. टाळ्या पडल्याच नाहीत असे नाही, पण घरच्यांनी हातचे राखून दिलेली दाद त्याच्या जिव्हारी लागली. तो हंगाम पुरा करून त्याने ठरवले की नेपल्सला यायचे ते फक्त शेवया खायला, गायला कधीच नाही. आणि हा शब्द त्याने अखेरपर्यंत पाळला. गावात गायला नाही तरी मरायला मात्र तो तिथेच आला. २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्सच्या समुद्रासमोरच्या वेसूव्हियो हॉटेलात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो गेला, आणि ज्या गावाने त्याला थंडपणे ऐकले होते ते त्याच्या अंत्ययात्रेला रस्त्यावर लोटले.

आता खरखरीकडे येतो. सान कार्लोच्या त्या प्रसंगानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९०२ मध्ये, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग मिलानला आला आणि कारुसोला ऐकून हरखला. दहा पदांचे शंभर पौंड असा भाव ठरला. लंडनच्या कचेरीने ‘फार महाग, मुद्रण करू नये’ अशा अर्थाची तार ठोकली, ती गैसबर्गने खिशात घातली. ज्या ग्रांड हॉटेलात वर्षभरापूर्वी संगीतकार व्हेर्दीने प्राण सोडला होता, तिथल्याच एका खोलीत पियानो खोक्यांवर चढवला गेला, भिंतीजवळ कर्णा टांगला गेला, आणि कारुसोने एका दुपारी दहा पदे गाऊन टाकली. मायक्रोफोन अजून यायचा होता; विजेवरचे मुद्रण १९२५ पासूनचे. गाणाऱ्याच्या श्वासाच्या धक्क्याने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात चरा पाडायची, एवढीच सगळी यंत्रणा. हळू स्वराला तोंड कर्ण्यात खुपसायचे आणि वरचा स्वर आला की मागे सरकायचे, हे गाता गाता सांभाळावे लागे. त्या कर्ण्यात बायकांच्या आवाजाची वरची झळाळी हरवायची आणि व्हायोलिनचा तर बारीक किरकिराट व्हायचा. पण कारुसोच्या आवाजाला मधल्या पट्ट्यात जो गडद भराव होता, तो जसाच्या तसा मेणात उतरायचा. म्हणून मी म्हणतो की तबकडीने कारुसोला मोठे केले हे खरे, पण तबकडी खेळणे नसून संगीताचे साधन आहे हे जगाला पटले तेही त्याच्यामुळेच. (त्या तबकड्या लाखेच्या. ती लाख बहुतेक आपल्याकडची, छोटा नागपूरसारख्या रानांतल्या पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली. तेव्हा कारुसो आमचा कोणीच लागत नाही, असे मला निदान मान्य नाही.)

हाच गैसबर्ग त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात होता आणि नोव्हेंबरमध्ये तो तिथली गायिका गौहर जान हिचे मुद्रण करत होता. मिलान आणि कलकत्ता इथल्या त्या दोन मुद्रणांचा विचार मनात आला की मला हटकून भास्करबुवा बखले आठवतात. बुवा कारुसोहून तीन वर्षांहून थोडे अधिक मोठे, आणि कारुसोनंतर आठ महिन्यांनी, एप्रिल १९२२ मध्ये, पुण्यात गेले. बालगंधर्वांचे गुरू, ‘स्वयंवर’च्या चाली बांधणारे, तीन घराण्यांची विद्या पचवलेले; पण त्यांचा आवाज कसा लागत होता हे मला ऐकता येत नाही, कारण त्यांची तबकडीच नाही. जे आहे ते शिष्यांच्या गळ्यात आणि ऐकलेल्यांच्या आठवणींत. खरखरीला नाक मुरडणाऱ्या मित्राला मी एवढेच विचारतो की बुवांचा दीड मिनिटाचा तुकडा, कितीही खरखरीत, मिळाला तर तू काय देशील?

अमेरिकेतल्या यशाची कहाणी सर्वांना माहीत असते, ती मी भरभर उरकतो. २३ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘रिगोलेत्तो’मधून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा थिएटरात आला आणि अठरा हंगामांत तिथे साडेआठशेहून अधिक वेळा गायला. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कार्मेन’ गाऊन झोपला तो पहाटे भूकंपाने जागा झाला, आणि त्या शहरात पुन्हा फिरकला नाही. १९१० मध्ये पुच्चिनीच्या ‘ला फान्चुल्ला देल वेस्त’चा पहिला प्रयोग त्याच्यावरच उभा होता. फावल्या वेळात तो लोकांची व्यंगचित्रे काढी, आणि चांगली काढी. पैसा अमाप आला. सिगारेटीही अमाप ओढल्या.

मला खरे सांगायचे आहे ते १९०४ आणि १९११ या दोन मुद्रणांविषयी. १९०४ मध्ये साथीला नुसता पियानो आहे आणि पदाचे एकेक कडवे वेगवेगळ्या तबकडीवर आहे. इथला आवाज कोवळा, सैल आणि जवळजवळ निष्काळजी वाटावा इतका सहज आहे. एखाद्या जागेवर तो पुरा दम संपवून बसतो आणि पुढचा स्वर हवेतूनच उचलतो. १९११ मध्ये वाद्यवृंद आहे आणि आवाज खाली उतरून जाड झाला आहे. मधल्या काळात पुष्कळ घडले. दहा वर्षांची सोबतीण आणि त्याच्या दोन मुलांची आई, गायिका आदा ज्याकेत्ती, १९०८ साली त्याला सोडून त्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली. १९०९ साली स्वरतंतूंवरची गाठ काढण्यासाठी मिलानला शस्त्रक्रिया झाली. माणसाचे दुःख त्याच्या आवाजात शोधणे ही स्वस्त भावुकता आहे असे मी मानतो, आणि जाड आवाजाचे निम्मे श्रेय वयाला देतो. त्या खालच्या भरावाची साक्ष पुढे १९१३ साली फिलाडेल्फियात मिळाली. ‘ला बोएम’चा प्रयोग चालू असताना खर्जाच्या गायकाचा आवाज अचानक बसला, तेव्हा कारुसोने त्याचे पद स्वतःच, तोंड प्रेक्षकांपासून वळवून, गाऊन टाकले.

१९११ ची माझी प्रत चोरबाजारातली आहे. बारा इंची, एका बाजूलाच चरे असलेली, कुत्र्याच्या छापाची, आणि कडेपासून लेबलापर्यंत केसाएवढी चीर गेलेली. ही चीर सुईखाली आली की ‘टक’ असे वाजते, आणि यंत्र नीट लावले असेल तर मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर वेळा वाजते. सुरुवातीला मला त्या टकटकीचा वैताग यायचा. एका रात्री लक्षात आले की ही तर लय आहे, कोणाचीही भीड न ठेवणारी, आणि कारुसो तिच्या कसा मागेपुढे चालतो ते हिशेबासारखे ऐकू येते. ‘माझ्यावर प्रेम करते ती, दिसतेच आहे मला’ या अर्थाच्या ओळीवर तो आधी दोन टकटकींच्या फटीत अडून राहतो, मग एकदम सुटतो, आणि शेवटच्या आलापीत तर लयीला बाहेर उभी करून स्वतः सावकाश येतो. पुसून स्वच्छ केलेल्या मुद्रणात ती चीर नाही, म्हणून मला त्यात हे इतके उघड दिसत नाही. प्रश्नाचे निम्मे उत्तर हेच आहे, आणि ते पाहुण्याला सांगितले तर तो घड्याळाकडे पाहू लागतो.

राहिलेले निम्मे उत्तर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे आहे. डिसेंबर १९२० च्या सुरुवातीला ‘सॅमसन अँड डलायला’च्या प्रयोगात देखाव्यातला खांब पाठीवर आदळल्यापासून त्याची कूस दुखत होती, आत छातीत काय सुरू झाले होते ते पुढे अनेक शस्त्रक्रियांनंतरही आटोक्यात आले नाही. ११ डिसेंबरला तो ब्रुकलिनमध्ये पुन्हा नेमोरिनो होऊन उभा राहिला, आणि गाता गाता तोंडातून रक्त येऊ लागले. कोरसातले लोक आडून एकेक रुमाल पुढे करत होते, तो पाठ फिरवून तोंड पुसत होता आणि पुन्हा वळून गात होता. पत्नी डोरोथी पुढच्या रांगेत बसून हे पाहत होती. यानंतरही तो मेट्रोपोलिटनमध्ये तीन वेळा गायला, शेवटचा नाताळच्या आदल्या संध्याकाळी ‘ला ज्यूइव्ह’मध्ये, पण ब्रुकलिनचा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवून लोकांना घरी पाठवण्यात आले. ‘उना फुर्तीवा लाग्रिमा’ दुसऱ्या अंकात येते.