तुम्ही विचारलंत म्हणून : त्रिनिदादला जाण्याआधीचे सहा महिने

आम्ही दोघे मे महिन्याच्या अखेरीस बारा दिवस वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन आलो, याला आता बराच काळ लोटला. तरी आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत आणि विशेषतः आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर एक प्रश्न अजून विचारला जातो. ‘बारा दिवसांच्या सुट्टीसाठी तुम्ही सहा महिने अभ्यास केलात म्हणे. तो कशासाठी? तिथली निम्मी माणसे तर आपलीच ना?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शेवटच्या वाक्यातच आहे. ‘आपलीच माणसे’ ही समजूत घेऊन आम्ही विमानातून उतरलो असतो, तर त्या देशातले काहीच आमच्या हाती लागले नसते, आणि वर यजमानांचा अपमान केला असता तो निराळाच.

सुरुवात अर्थातच क्रिकेटपासून झाली. आमच्या घरी 1971 हे साल पुराणातल्या युगासारखे उच्चारले जाते. अजित वाडेकरांचा संघ, पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल, तिथे मार्चमध्ये सुनील गावसकरांचे कसोटी पदार्पण आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला विजय, चार कसोट्यांत गावसकरांच्या 774 धावा, आणि ज्यांचे नाव घेतल्यावाचून ह्यांचे जेवण पुढे सरकत नाही त्या दिलीप सरदेसायांच्या 642. ‘ते मैदान एकदा बघायचे’ एवढाच ह्यांचा हट्ट होता. वेस्ट इंडीजच्या त्या पराभवानंतर तिथल्या लॉर्ड रिलेटर या कलाकाराने गावसकरांवर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या लोकसंगीताच्या ढंगाचे गाणे, रचले, हे मला माहीत नव्हते. आपल्या गोलंदाजांना बेजार करून गेलेल्या पाहुण्याचे गाणे करून गावोगाव म्हणणारे हे लोक आहेत तरी कसे, या कुतूहलाने मी वाचायला बसले.

पहिल्या महिन्यात मी फक्त आपल्या बाजूचे वाचले, आणि ती चूक होती. 30 मे 1845 रोजी ‘फाटेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागले. तिथपासून 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे पाच-पाच वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यांत राबायला नेली गेली. त्यांतली बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, म्हणजे आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून गेलेली होती, काही मद्रासकडून; आपला मराठी मुलूख या कथेत जवळजवळ नाहीच. एका जहाजातून आलेले एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतके पाळत. आज त्यांच्या वंशजांची बोली इंग्रजी आहे, तीही त्यांच्या खास वळणाची. घरांतून भोजपुरी जवळपास गेली. हिंदी उरली ती पूजेत आणि सिनेमाच्या गाण्यांत. मात्र वडिलांच्या आईला अजून ‘आजी’ आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’ म्हणतात. हे वाचल्यावर मला गहिवरून आले, आणि त्या गहिवरातच धोका आहे हे पुढे समजले.

कारण देशाची दुसरी बाजू मी अजून उघडलीच नव्हती. भारतीय वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक आहेत. जवळजवळ तितकेच आफ्रिकी वंशाचे आणि बाकी बरेचसे मिश्र. गुलामीतल्या आफ्रिकी लोकांना 1838 साली पूर्ण स्वातंत्र्य मिळाले आणि ज्या मळ्यांत चाबूक खाल्ला तिथे तुटपुंज्या मजुरीवर पुन्हा राबायला त्यांनी नकार दिला. मळेवाल्यांनी मजुरी वाढवण्याऐवजी भारतातून करारबद्ध मजूर आणले. म्हणजे आपल्या ‘जहाजी’ पूर्वजांची करुण कथा ही दुसऱ्या कुणाच्या दृष्टीने पोटावर पाय आणणारी गोष्ट होती, आणि दोघांना तिथे आणून सोडणारा हात एकच होता. आजही तिथल्या राजकीय पक्षांचा पाठिंबा बऱ्याच अंशी याच रेषेवर विभागलेला आहे. हे ठाऊक नसताना एखाद्या पाहुण्याने टॅक्सीत बसून ‘इथे आपल्या लोकांनी फार प्रगती केली’ असे कौतुकाने म्हटले, तर चालक गप्प का होतो हे त्याला कधीच कळणार नाही. मग मी तिथले वर्तमानपत्र रोज वाचू लागले, त्यातही संपादकांना आलेली पत्रे आधी. ज्या गोष्टींवर माणसे पत्र लिहिण्याइतकी चिडतात, त्यांतून देश जितका कळतो तितका पर्यटनाच्या पुस्तिकेतून कळत नाही.

दुसऱ्या बाजूचा अभ्यास केला म्हणून ‘पॅन’ हे तिथले पोलादी वाद्य समजले. याला ड्रम म्हटले की तिथला माणूस हमखास दुरुस्त करतो. इंग्रज सरकारला कार्निव्हलमधल्या आफ्रिकी ढोलांची धास्ती होती. 1880च्या दशकात दंगली झाल्या आणि ढोल वाजवण्यावर निर्बंध आले. लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू तोडले आणि जमिनीवर आपटून त्यांतून ताल काढला. पुढे 1930च्या दशकात बिस्किटांचे डबे आणि मोटारींचे लोखंडी भाग आले, आणि महायुद्धाच्या सुमारास तेलाची पिंपे. त्रिनिदादमध्ये तेल निघते आणि अमेरिकी सैन्याचे तळही तिथे होते, त्यामुळे पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून परातीसारखा खोल करायचा, त्यात एकेका सुराची जागा आखून उठवायची, आगीवर तापवायचे, आणि मग लहान हातोडीने ठोकत एकेक सूर जुळवायचा. सुरुवातीच्या पिढीत पॅन वाजवणारा म्हणजे उनाड, मारामाऱ्या करणारा. चांगल्या घरातल्या मुलाने पॅनयार्डाची, म्हणजे पॅनच्या सरावाच्या अंगणाची, पायरी चढायची नाही असा दंडक होता. तमाशाच्या फडाकडे पाहण्याची आपल्या आजोबांची नजर ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. 1992 साली तेच वाद्य राष्ट्रीय वाद्य झाले. आम्ही गेलो तेव्हा कार्निव्हल होऊन तीन महिने झाले होते आणि पॅनयार्डात चार-पाच शाळकरी मुले एकच ओळ पुन्हापुन्हा घोटत होती. आम्ही तिथे दीड तास बसलो. कुणीही ‘काय काम आहे’ असे विचारले नाही, कारण काम नसताना चार माणसांत निवांत बसण्याला तिथे ‘लाइम’ करणे म्हणतात आणि ते पुरेसे कारण समजले जाते.

स्वयंपाकघराबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा खरा अभ्यास तिथेच झाला. जाण्याआधी मी तिथल्या भाज्यांची नावे वहीत उतरवली होती. जिऱ्याला गीरा, कारल्याला कराइली, चवळीसारख्या लांब शेंगांना बोडी. कोथिंबिरीसारख्या वासाच्या एका लांबट पानाला काही घरांत ‘बंधनिया’ तर काही घरांत ‘शाडो बेनी’ म्हणतात, आणि त्यावरून घर कोणत्या वळणाचे आहे त्याचा थोडा अंदाज येतो. ‘डबल्स’ ही न्याहारी, म्हणजे हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, ज्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात, आणि त्यांत रसरशीत छोले. ती 1930च्या दशकात प्रिन्सेस टाउनकडे सुरू झाली आणि आज सगळा देश ती रस्त्याकडेला उभ्याने खातो. विक्रेता फक्त मिरचीचे प्रमाण विचारतो. रत्नागिरीच्या माणसाने तिथेही बढाई मारू नये, एवढे स्वानुभवाने सांगते.

पण मला धरून ठेवले ते अळूच्या पानाने. त्याला तिथे ‘डशीन’ म्हणतात. आमच्या यजमानीणबाईंनी एका सकाळी त्या पानांना डाळीच्या पिठाचा लेप लावला, पाने एकावर एक रचली, गुंडाळी केली, चकत्या कापल्या आणि तळल्या. तिचे नाव ‘सहीना’. आत चिंच-गूळ नाही. त्याऐवजी चकती मधून चिरून त्यात कैरीच्या किसाचे झणझणीत ‘कुचेला’ भरायचे. मी मनात अळुवडी म्हणून टाकले आणि डोळे भरून आणायच्या बेतात होते. रविवारी शेजारच्या आफ्रिकी वंशाच्या घरी जेवायला बोलावले होते. तिथे तेच पान भेंडी, नारळाचे दूध आणि खेकड्याबरोबर शिजत होते, आणि घरातले आजोबा लाकडी रवीने ते घोटत होते. त्याला ‘कॅलालू’ म्हणतात. आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘अगं, हे तर फदफदं.’ गहिवर एकाच घरासाठी राखून ठेवण्याची सोय त्या पानाने मला ठेवली नाही. आणि हेही नमूद करायला हवे, की त्या यजमानीणबाई रविवारी स्वतः कॅलालूच करतात.

रीतभातींचे सांगायचे तर ते चार ओळींत आटोपते. दुकानात, दवाखान्यात, मॅक्सी टॅक्सीत शिरताना सगळ्यांना उद्देशून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. न म्हणता थेट काम सांगणे उद्धटपणाचे ठरते. अंधार पडल्यावर भेटताक्षणीच ‘गुड नाइट’ म्हणतात. ते निरोपाचे नाही, नमस्काराचे आहे. लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ह्यांची आवडती टोपी घरीच राहिली. आणि ‘जस्ट नाउ’ म्हणजे ‘आत्ता’ नव्हे, तर ‘होईल केव्हातरी’.

इतके करूनही मी चुकले. पहिल्याच संध्याकाळी यजमानीणबाईंना मी विचारले, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ त्या म्हणाल्या, ‘पेनाल.’ हे बेटाच्या दक्षिणेकडचे गाव. मी म्हटले, ‘हो, पण मूळच्या?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पेनाल.’ मग हसून विचारते झाल्या, ‘आणि तुम्ही? पुण्याच्या ना? पण मूळच्या?’ मी रत्नागिरी म्हटले. ‘त्याच्याआधी?’ त्याच्याआधीचे मला काही सांगता आले नाही. ही अशी फिरकी घेण्याला तिथे ‘पिकाँग’ म्हणतात आणि पाहुण्याने त्यावर रागवायचे नसते, हे मी वाचलेले असल्यामुळे निदान हसू तरी शकले. ‘आपलीच माणसे ना’ असे विचारणाऱ्यांना मी हाच प्रसंग सांगते.

क्वीन्स पार्क ओव्हल आम्ही पाहिले. मागे हिरवे डोंगर, मैदान रिकामे, आणि हे कुंपणाशी बराच वेळ उभे. त्याबद्दल त्यांनीच कधी लिहावे.

30 मे हा तिथे भारतीय आगमन दिन म्हणून सुट्टीचा दिवस असतो. त्या दुपारी एका मैदानाच्या कडेला ताशावाल्यांचा एक चमू आपली वाद्ये तयार करीत होता. त्याला तिथे ‘तासा’ म्हणतात. मातीच्या घटावर बकऱ्याचे कातडे, हातात वेताच्या काड्या, सोबत मोठा ढोल आणि पितळी झांजा. मोहरमला, ज्याला तिथे ‘होसे’ म्हणतात, हाच ताशा वाजतो. 1884 साली सॅन फर्नांडोजवळ होसेच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडून अनेक मजूर मारले, आणि त्या मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदूही चालत होते. आपल्या गावाकडचे ताबूत आठवणाऱ्याला यात नवल वाटू नये. ढोल गळ्यात अडकवलेला मुलगा आफ्रिकी वंशाचा होता, झांजा वाजवणाऱ्या आजोबांचे कपाळ कुंकवाने माखलेले. त्यांनी जमिनीवर पुठ्ठे आणि काटक्या पेटवल्या होत्या आणि कातडी तापावी म्हणून ताशे आगीभोवती कलते करून ठेवले होते. हे पुण्यातल्या पथकांविषयी काही सांगू लागले. मी त्यांना खुणेने थांबवले. वादकाने एक ताशा उचलला, बोटाने टिचकी मारून कान लावला, आणि तो पुन्हा आगीशी ठेवला. अजून चढला नव्हता.