खिडकी समुद्राकडे, वारा मात्र नाही

रविवार रात्र. दांडिया बाजार, बडोदे

दुपारी दीवहून परत आलो. अंग आंबलंय, तरी लिहूनच झोपणार. मन फार खट्टू झालंय.

हॉटेल देखणं होतं यात शंका नाही. पोर्तुगीज काळातलं दुमजली घर, झडपांच्या उंच खिडक्या, लांब व्हरांडा, समोर समुद्र. आईने पिशवी ठेवली आणि कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये दीव मुक्त झालं, ती बातमी तिने लहानपणी रेडिओवर ऐकलेली. तेव्हापासून तिला ते गाव बघायचं होतं.

रात्री खोलीत जीव घुसमटला. दिवसा समुद्रावरून येणारा वारा रात्री पडतो किंवा उलटा, जमिनीकडून वाहतो. जुनी घरं बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून समोरासमोर खिडक्या ठेवत. इथे एका खोलीच्या दोन करायला मध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलेलं, आणि मागची खिडकी गेली शेजाऱ्यांच्या वाट्याला! पंखा गरम हवाच फिरवत राहिला. चादरी दमट. नळाचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येईना. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे सुट्टीला आलेल्यांचा आरडाओरडा खिडकीखाली पहाटेपर्यंत. आई शेवटी व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. तिचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे, म्हणून ते पाहवेना.

सकाळी तक्रार केली तर मॅनेजर म्हणाला, "बेन, जूनुं मकान छे ने."

हे मला लागलं. मीही जुन्या वाड्यातच वाढले. आमच्या वाड्यात मे महिन्यातसुद्धा माजघरात दुपारी डोळा लागतो, चौकातून हवा खेळती राहते म्हणून. मागच्या भिंतीला लोणा लागला तेव्हा बाबांनी गवंडी शोधून आणला आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा करून घेतला. चुन्यातून ओल बाहेर पडते. त्या हॉटेलात जुन्या भिंतींवर सिमेंट थापून वर ऑइलपेंट मारलाय. ओल आत कोंडते, मीठ फुगून वर येतं, आणि उशाशी पोपडे गळतात. घर जुनं असल्याचा हा दोष नव्हे. त्या घराला कुणी समजूनच घेतलेलं नाही, आणि भाडं मात्र त्याच्या रूपाचं घेतात.

बाकी दीव सुरेख. १५३५ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, तीन बाजूंना पाणी. फुदमच्या गंगेश्वराला भरतीच्या लाटा पाचही शिवलिंगांवरून जात होत्या आणि आई हात जोडून पायरीवर बसून होती. तेवढ्यासाठी जाणं सार्थकी लागलं.

निघताना मॅनेजरला म्हटलं, "भाऊ, पार्टिशन काढा. एकाच खोलीचं भाडं वाढवा, आम्ही आनंदाने देऊ." त्याने मान डोलावली, पण त्याच्या हातात काय असणार? मालकांचा पत्ता मात्र लिहून दिला. उद्या सकाळी त्यांना गुजरातीत सविस्तर पत्र लिहिते: आधी पार्टिशन, मग गिलावा, मग आंघोळीचं पाणी.