नोंद ७ : चुकायलाच जमेना

डोक्यावर इलेक्ट्रोड (मेंदूतले विजेचे चढउतार टिपणारे संवेदक) लावून मी स्वतःवरच प्रयोग करतोय. मागच्या खेपेचा, सुरांचा प्रयोग आधी संपवतो. एकसारख्या सुरांत मधूनच वेगळा सूर आला की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान कपाळाच्या वरच्या इलेक्ट्रोडवर ऋण लहर येते, म्हणजे व्होल्टेज खाली जातं. मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलेली हीच. माझी लहर पसरट येत होती, कारण ब्लूटूथ. आवाज दर वेळी कमीजास्त उशिरा पोचत होता. वायरचे इअरफोन लावले, लहर आवळली.

आता स्वतःच्या चुकीची लहर. पडद्यावर पाच बाण येतात, मधल्याची दिशा बघून बटण दाबायचं. बाजूचे बाण उलटे असले की हात फसतो. चुकीचं बटण दाबल्यापासून ५० ते १०० मिलिसेकंदांत डोक्याच्या मध्यरेषेवर ऋण लहर उमटते. 'चुकलात' असं पडद्याने सांगावं लागत नाही. काय घडायला हवं होतं ते मेंदूने धरलेलं असतं, हात भलतंच करतो, आणि तफावत तिथल्या तिथे टिपली जाते. उगम अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या पुढच्या भागातल्या, आतल्या बाजूच्या पट्ट्याच्या) भागात मानतात. माझ्या तीन इलेक्ट्रोडांवरून मी तसं म्हणणं म्हणजे आगाऊपणा.

पण मी चुकतच नव्हतो! २०० फेऱ्यांत ४ चुका. लहर जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, पापणीची एक उघडझाप तिला गिळते. चारांच्या सरासरीत दिसणार काय? मुद्दाम चुकून पाहिलं. सपाट. बरोबरच आहे म्हणा, ठरवलं तेच घडलं तर मेंदू दचकेल कशाला?

शेवटी उत्तराला ४५० मिलिसेकंदांची मुदत घातली. ४०० फेऱ्यांत ४६ चुका, पापण्यांच्या गाळून ३१. त्यांच्या सरासरीतून बरोबर उत्तरांची सरासरी वजा केली आणि ७० मिलिसेकंदांच्या आसपास दरी दिसली. (आलेखात ऋण बाजू वर काढणाऱ्यांनी डोंगर वाचावा.)

चुकीनंतरचं उत्तर किंचित सावकाश येतं, हे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं. माझ्याकडेही फरक आला, पण मुदतीने तो दाबला असणार, म्हणून आकडा देत नाही.

कीबोर्डचा उशीरही दर दाबाला बदलतोय. पुढच्या बैठकीआधी बटण थेट लहरी नोंदवणाऱ्या बोर्डला जोडतो.