मामाची फिल्म

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी, नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या मामाने स्वतःच्या एमआरआयची फिल्म खिडकीशी धरून उलटसुलट पाहिली आणि विचारले, "यात माझा आजार कुठे आहे रे?" तो तिथे नव्हताच, मेंदूत गाठ वगैरे नाही ना, एवढेच त्या तपासणीतून पाहायचे होते.

नैराश्य आणि बायपोलर (कधी खोल उदासी, तर कधी अतिउत्साहाचा उन्माद) या दोन्ही आजारांत मेंदूतील, भावनांची दखल घेणारा अमिग्डाला आणि त्याला आवर घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग यांच्यातील समन्वय बदललेला आढळतो. मात्र हे दाखवणारा फंक्शनल एमआरआय (काम करणाऱ्या मेंदूची तपासणी) विचार टिपत नाही, रक्तातील ऑक्सिजनचे चढउतार टिपतो. शिवाय हे फरक अनेक रुग्णांच्या सरासरीत दिसतात, एकट्या माणसाच्या फिल्मवरून निदान करण्याइतके ते ठळक नसतात.

मामाला बायपोलर आहे, हे निदान ठरले ते मामीच्या आठवणीवरून. द्राक्षांच्या ऐन हंगामात आठवडाभर जेमतेम दोन-दोन तास झोपून मामा बागेत गाणी म्हणत फिरला होता आणि गरज नसताना उधारीवर ट्रॅक्टर ठरवून आला होता. आम्ही (मीसुद्धा) त्याला हौस समजलो. ही हकिकत कळली नसती, तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या, आणि बायपोलरमध्ये त्यांनी उन्माद उसळू शकतो. आता मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू आहे, त्याची रक्तातील पातळी ठरलेल्या वेळी तपासली जाते. फिल्म माळ्यावर पडली आहे.