तुम्ही विचारलंत म्हणून: पाठशाळेची सात वर्षं

"तुम्ही वेदपाठशाळेत होतात ना? कसं होतं हो तिथे?" लग्नाच्या पंगतीत, कंपनीच्या बसमध्ये, परवा तर मुलीच्या शाळेतल्या पालकसभेतही हा प्रश्न आला. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते बहुतेकदा त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. कुणाला 'संस्कार' हवे असतात, कुणाला 'छळ'. दोघांनाही मी आजवर "बरं होतं" एवढंच सांगत आलो. ते खरं नव्हतं, म्हणून आता नीट सांगतो.

१९९४ साली, नवव्या वर्षी, मुंज झाल्यावर वडिलांनी मला नाशिकच्या पंचवटीतल्या एका वाड्यात आणून सोडलं. आम्ही शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचे. आमच्या संहितेत, म्हणजे वेदाच्या मूळ पाठात, चाळीस अध्याय, १९७५ मंत्र, आणि सगळे कानांनी शिकायचे. गुरुजी एकदा म्हणणार, आम्ही दोनदा. हीच संथा. आमच्या शाखेत स्वर, म्हणजे मंत्र म्हणतानाचे चढउतार, हातानेही दाखवतात, त्यामुळे मंत्र तोंडाइतकाच मनगटात बसतो. आजही अंबडला कामावर जाताना बसमध्ये डोळा लागला की माझा हात मांडीवर वर-खाली होतो, असं शेजारी बसणारे सांगतात.

पहाटे साडेचारला थंड पाण्याची आंघोळ, संध्या, मग संथा. सगळी मुलं एका सुरात म्हणायला लागली की वाड्याच्या तुळया घुमायच्या. आपला आवाज वेगळा ऐकूच येत नसे. तसं भरून आल्यासारखं मला पुढे कुठेच वाटलं नाही, हे मी कबूल करतो. आणि त्या गोंगाटातून एकाचा एक स्वर घसरला तरी गुरुजी डोळे मिटलेले असतानाच त्याचं नाव घ्यायचे. मग छडी. तीही मनगटावर, ज्या हाताने चूक केली त्यावर.

त्याच गुरुजींनी मला टायफॉइड झाला तेव्हा अकरा रात्री उशाशी बसून काढल्या. मऊ भात स्वतः कालवून भरवला. माझी आई गावी होती. तिला कळलंच नव्हतं, कारण आमची पत्रं व्यवस्थापक आधी वाचत आणि काळजीचा मजकूर असला तर पत्र टपालात पडत नसे. या दोन गोष्टींची मी वजाबाकी करू शकत नाही. छडी आठवली की भातही आठवतो.

पण माझी नेहमीची शाळा बुडाली, त्याबद्दल मी आजही रागावलेलो आहे. आता उज्जैनच्या वेदविद्या प्रतिष्ठानच्या मंडळाची वेदभूषण परीक्षा दहावीच्या तोडीची मानतात. आमच्या पाठशाळेत तसलं काही नव्हतं. २००१ साली बाहेर पडलो तेव्हा मला यजुर्वेद येत होता आणि अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं ठरवलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पाचवीपासूनची पुस्तकं आणली. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं, ती बातमी मी बीजगणिताची वही मांडीवर घेऊन वाचली.

त्या पुस्तकांमधल्या इतिहासात एक पान होतं. २ मार्च १९३०, काळाराम मंदिर, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह. काळाराम आमच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. दर रामनवमीला आम्ही तिथे सूक्तं म्हटली होती, त्या दगडी अंगणात बसून प्रसाद खाल्ला होता. त्याच दारांबाहेर माणसं वर्षानुवर्षं आत येण्यासाठी लढली, हे सात वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही. १९३५ साली, इथून जवळच येवल्याला, 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा का झाली, तेही नाही. मी ते पान त्या रात्री बराच वेळ उलटलं नाही. मुंजीचा तो दरवाजा किती अरुंद होता, ते त्या दिवशी कळलं. माझ्या धाकट्या बहिणीला तर तो कधी उघडलाच नव्हता. सुट्टीत मी घरी आलो की ती दाराआडून ऐकून माझ्यापेक्षा लवकर पाठ करायची.

आमच्यातला एकजण आज त्र्यंबकला याज्ञिकी करतो, सुखात आहे, गुरुजींचा फोटो देवघरात ठेवतो. दुसरा पंचवटीत पाऊलही टाकत नाही. पण हा दुसराच दर श्रावणात मला फोन करून रुद्रातली एखादी ओळ म्हणून दाखवतो आणि विचारतो, "स्वर बरोबर लागला का रे?"

मुलांना पाठवाल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. नाही पाठवणार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेतून आली, दूध पिऊन झालं की स्वयंपाकघरात पाटावर बसते, आणि मी तिला संथा देतो. मी एकदा, ती दोनदा. मागच्या आठवड्यात एकतिसावा अध्याय, पुरुषसूक्त सुरू केलं. मी म्हटलं, "सहस्रशीर्खा पुरुखः." ती थांबली. "बाबा, पुस्तकात तर ष आहे. मग ख का म्हणायचं?"

मीही हाच प्रश्न विचारला होता, दहाव्या वर्षी. उत्तर मिळालं, "म्हण." आणि मनगटावर वळ. नियम मला पंचविशीनंतर एका ग्रंथालयात सापडला: माध्यंदिन शाखेत ष चा उच्चार ख होतो, पण पुढे ट-वर्गातलं अक्षर जोडलेलं असेल तर तो ष च राहतो.

तिला सगळं सांगितलं. तिने लगेच 'इष्ट', 'श्रेष्ठ' असे शब्द शोधून काढले आणि नियम लागतो का ते पाहिलं. मग हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "हं, आता म्हणा."