आमच्या मोरीचा आकडा

२०२३ चा जून. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. नववीला जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी ‘नैसर्गिक आपत्ती आणि पूर्वतयारी’ हा विषय दिला होता. वह्या आल्या. पहिल्याच वहीत त्सुनामी. दुसरीत ज्वालामुखी, रंगीत चित्रासह. आमचं गाव वारणेकाठी, सांगलीपासून जवळ. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पूर्वतयारीच्या यादीत सगळ्यांकडे तेच नेटवरचं: टॉर्च, शिट्टी, सुका मेवा. ज्या घरात दिवाळीलाही काजू मोजून येतात, त्या घरातला पोरगा सुका मेवा पिशवीत भरायला सांगत होता.

‘पुरावर एकानंही का लिहिलं नाही?’ मी विचारलं.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, पूर तर घरातच आलेला. त्यात काय शोधायचं?’

उत्तर मला पटकन सुचलं नाही. २०१९ ला ही पोरं दहा-अकरा वर्षांची होती. पुरातून माणसं बाहेर काढणारी ब्रह्मनाळ गावची बोट उलटल्याचं त्यांनी छावणीत बसून ऐकलेलं. त्यांना मी कुठल्या तोंडानं पूर शिकवणार होते?

म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बाराजणांना घेऊन गावात निघाले. ठरवलं होतं एवढंच, की पुराच्या खुणा मोजायच्या. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर २०१९ ची रेघ कुणीतरी ऑइलपेंटनं मारून ठेवली आहे. तिथून प्रत्येक घरात पाणी किती होतं ते काढायचं.

पण एका घराची खूण दुसऱ्या घराशी जुळवायची कशी? गाव उताराचं. यावर गवंड्याचा पोरगा घरी पळत गेला आणि बापाची लेव्हलची नळी घेऊन आला. पारदर्शक प्लॅस्टिकची, तीसेक फूट लांब. पाणी भरलं, एक तोंड देवळाच्या रेघेला धरलं, दुसरं समोरच्या विजेच्या खांबाला. दोन्हीकडे पाणी एका पातळीत आलं की खडूची खूण. तिथून टेपनं खाली मोजायचं आणि पुन्हा नळी पुढे. पहिल्या फेरीत आकडे भलतेच आले. पोरानं नळी उचलून उन्हात धरली, मध्ये वाटाण्याएवढा बुडबुडा. बोटानं टिचक्या मारत त्यानं तो हळूहळू तोंडाकडे नेला. ‘बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी बोलते, मॅडम.’ वर्गात हा पोरगा तोंड उघडत नाही.

वाटेत एका आजींच्या ओसरीवर टेकलो. त्यांच्या भिंतीवर पुराच्या गाळाचा डाग अजून होता, छातीएवढा. ‘पाच साली ह्या पायरीला लागलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून एकोणीसला बी बसलो. उंबऱ्याला पाणी लागलं की निघायचं, असं सासूबाईंपासनं चालत आलंय. लागलं तवा रस्ता कुठं राहिला हुता?’ पोरांची यादी ऐकून त्या हसल्या. ‘शिट्टी कशाला? विळा ठेवा. म्हशीची दावी भिजली की गाठ सुटत न्हाई. कापावी लागत्यात.’ वहीत शिट्टी खोडून विळा लिहिला गेला.

२००५ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं, २०१९ ला साडेसत्तावन्नावर गेलं. तीन-साडेतीन फुटांचा फरक. गावातल्या निम्म्या माणसांनी २००५ चा पूर मनात धरून २०१९ चा पूर मोजला, आणि तिथंच फसगत झाली. १९२९ सालचा तो पूल, त्याच्यावरचा आकडा पावसाळ्यात आमच्याकडे भाकरीच्या भावासारखा विचारला जातो. ४० इशारा, ४५ धोका, हे शाळेत न गेलेल्यालाही पाठ.

आजींचं ‘रस्ता कुठं राहिला’ हे वाक्य त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं धरलं. म्हणाली, घरं नंतर, आधी मोरी मोजूया. गावातून बाहेर पडायला एकच डांबरी रस्ता, आणि तो ओढ्यावरच्या मोरीवरून, म्हणजे छोट्या पुलावरून जातो. कृष्णा फुगली की हरिपूरच्या संगमावर वारणेला वाट मिळत नाही. ‘कृष्णा आत घेत नाही’ म्हणतात गावात. वारणा तुंबते आणि तिचं पाणी ओढ्यातून उलटं वर चढतं. म्हणजे नदी समोर बघत बसावं आणि तिनं मागच्या दारानं यावं, तसं.

देवळापासून मोरीपर्यंत नळी नेताना दुपारचे दोन वाजले. पोटात काही नाही, पण एकही पोर घरी जायचं नाव घेईना. मोरीवरचं डांबर २०१९ च्या रेघेपासून १४ फूट ८ इंच खाली निघालं. परत मोजत वर आलो, ३ इंचांचा फरक पडला. फळ्याशिवाय, रस्त्यावरच खडूनं वजाबाकी झाली: साडेसत्तावन्नातून गेले, उरले ४२ फूट १० इंच.

मी शिक्षिका, त्यामुळे शंका काढणं आलंच. नदीचं पाणी परातीतल्यासारखं सपाट नसतं, वरून खाली उतार असतो, सांगलीचा आकडा इथं असा सरळ वजा होत नाही. पोरांची तोंडं उतरली. मलाही वाईट वाटलं, पण चूक ती चूक.

मग एकजण म्हणाला, ‘रस्ता कधी बंद झाला ते डेअरीत सापडेल.’

दूध संस्थेचं संकलन रजिस्टर! हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. दुधाची गाडी ज्या वेळेला आली नाही, त्या वेळेला मोरी पाण्याखाली. सचिवांनी कुरकुरत कपाट उघडलं. २०१९ ची पानं भिजून एकमेकांना चिकटलेली, पण २०२१ च्या पुरातली शाबूत होती. जुलैतल्या एका सकाळच्या रकान्यात निळ्या शाईत ‘गाडी नाही, दूध परत’. सचिवांच्या मोबाईलमध्ये त्या दिवसांतले पातळीचे मेसेज अजून होते. त्या सकाळचा आकडा ४३ च्या आत होता. धोका पातळी यायला अजून दोन फूट बाकी होते.

मी पुन्हा बाहेर जाऊन मोरीकडे बघितलं. ओढ्याच्या बाजूचं सगळ्यात खालचं घर मोरीपेक्षा ५ फुटांनी उंच आहे. म्हणजे उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत थांबणाऱ्याच्या रस्त्यावर ५ फूट पाणी. बारा वर्षं मी याच रस्त्यानं शाळेला येते.

सोमवारी पोरांनी हे सगळं ड्रॉइंगच्या कागदावर काढून पंचायतीत नेलं. तिथल्या आराखड्यात लिहिलं होतं की पाणी धोका पातळी ओलांडल्यावर ग्रामस्थांना मुख्य रस्त्याने हलवावे. मुख्य रस्ता म्हणजे तीच मोरी. त्यातल्या संपर्काच्या दोन नंबरांपैकी एक बंद लागला, तोही पोरांनी तिथंच लावून बघितला. जरा आगाऊपणा झाला, मी डोळे वटारले. ‘बघू’ असं उत्तर मिळालं. मात्र मोरीजवळच्या खांबावर पोरांनी पिवळा पट्टा मारला त्याला कुणी हरकत घेतली नाही. खाली लिहिलं: ‘आयर्विन ३८ – जनावरं हलवा’. ३८ कुठून आणलं, विचारलं. म्हशी चालवत न्यायला आणि माणसं तयार व्हायला एक दिवस लागतो, असं आजींनी सांगितलं होतं. म्हणून ४३ तून ५ फूट कमी. पाणी एका दिवसात किती चढेल याचा नेम नसतो, हे मी त्यांना सांगितलं. ‘म्हणून तर जास्त धरले,’ उत्तर आलं.

पुढच्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, ती पोरं दहावीत असताना पाणी चढू लागलं. मागच्या बाकावरची ती मुलगी रोज सकाळी आजींना आकडा सांगून शाळेला यायची. ३८ झाल्यावर आजी दोन म्हशी आणि विळा घेऊन लेकीच्या गावाला निघाल्या, माळावर. पाणी सांगलीला चाळिशीच्या आसपास जाऊन थांबलं आणि उतरलं. मोरी कोरडी राहिली.

आठ दिवसांनी त्या परतल्या. मुलीला रस्त्यातच गाठून फैलावर घेतलं म्हणे. फुकट तंगडतोड, म्हशीनं दूध चोरलं, लेकीच्या घरचा कडबा संपला. मुलगी खाली मान घालून उभी. बोलून झाल्यावर आजींनी पदर सारखा केला आणि विचारलं,

‘बरं, आज किती हाय?’