झेलमपार: गवत, कातडी आणि तीन तुकड्यांची नाव

अलेक्झांडर आणि पंजाबातला राजा पोरस यांच्या झेलमच्या लढाईचा विषय निघाला की बोलणं पोरसाच्या हत्तींवर येऊन थांबतं. माझ्या मते खरी कारागिरी आदल्या रात्रीची, अलेक्झांडरच्या फौजेने नदी ओलांडली तेव्हाची. साल इ.स.पू. ३२६. पावसाने आणि हिमालयातल्या वितळलेल्या बर्फाने नदी दुथडी भरलेली, आणि समोरच्या काठावर हत्ती.

माणसं कशीही गेली असती, अडचण घोड्यांची होती. हत्तीची सवय नसलेला घोडा त्याचा चीत्कार ऐकून बिथरतो आणि भर प्रवाहात तराफ्यावरून उडी टाकतो. म्हणजे हत्ती नसतील तिथेच उतरायला हवं. त्यासाठी अलेक्झांडरने रोज रात्री घोडदळ काठाने दौडवून आरडाओरडा चालवला. पोरस दर वेळी हत्ती घेऊन समांतर धावायचा. शेवटी कंटाळला आणि जागेवरून हलेनासा झाला. इकडे छावणीत धान्याच्या राशी येत होत्या, म्हणजे हा पावसाळा इथेच काढणार असं पलीकडच्यांना वाटावं.

नावा सिंधूवरच्याच होत्या. लहान नावा दोन तुकड्यांत, तीस वल्ह्यांच्या तीन तुकड्यांत कापून गाड्यांवर लादून आणल्या. अशी नाव पुन्हा जोडणं सोपं नसतं. वाटेत लाकूड सुकून आक्रसतं, सांधे पाणी धरतात, ते बुजवावे लागतात. हे काम छावणीपासून सुमारे २७ किलोमीटर वर, झाडीने झाकलेल्या भूशिराआड झालं. समोर एक झाडीचं बेट होतं, त्याचाही आडोसा.

तरंगण्यासाठीची कातडी तिथे आधीच रिकामी आणून ठेवली होती. गवत भरून ती शिवली मात्र त्याच रात्री. हवा भरलेली पखाल एका भोकाने बसते, गवताची हळूहळू भिजते, तोवर माणूस पार होतो. पण गवत कोरडं हवं आणि टाके दाट हवेत. एकदा पाणी शिरलं की पखाल उलट ओझं होते. हिशोब साधा आहे: ५० लिटर मावणाऱ्या कातड्यात ५-६ किलो गवत भरलं, कातड्याचं वजन धरलं, तरी ती जवळपास ४० किलो तोलते. पोहणाऱ्याला पाण्यावर राहायला काही किलोंचा आधार पुरतो, बाकी भार चिलखत-शस्त्रांचा. आपल्याकडची भोपळ्यांची सांगड याच तत्त्वावर चालते. तीन वर्षं आधी मध्य आशियातल्या ऑक्सस (आमूदर्या) नदीवर लाकूड नव्हतं आणि वाळूत खांब टिकत नव्हते, तेव्हा याच फौजेने तंबूंची कातडी भुशाने भरून पाच दिवसांत नदी ओलांडली होती. त्यामुळे हात बसलेला होता.

त्या रात्री वादळी पाऊस झाला. सुतारकामाचा आणि हुकमांचा आवाज गडगडाटात बुडाला. पहाटे पाऊस थांबल्यावर घोडदळ पखालींवर आणि मावेल तेवढं पायदळ नावांत, असे निघाले. ग्रीक इतिहासकार एरियनच्या मते ५००० घोडेस्वार आणि सुमारे ६००० पायदळ.

बेट मागे पडताच पोरसाचे टेहळे त्याला खबर द्यायला सुटले, आणि मग मोठी चूक उघडी पडली. ज्याला काठ समजून उतरले, तेही बेटच निघालं! मध्ये एक फाटा होता, एरवी चिमुकला, पण रात्रीच्या पावसाने फुगलेला. उतार सापडेना. सापडला तेव्हा पायदळाच्या छातीपर्यंत पाणी आणि घोड्यांची फक्त डोकी वर.

हा उशीर घातक ठरला असता. पण पोरसाचा मुलगा पोचला तोवर फौज बाहेर आली होती. अलेक्झांडरचा सेनानी टॉलेमी याच्या आकड्यानुसार मुलाकडे २००० घोडेस्वार आणि १२० रथ होते. ज्या पावसाने फाटा भरला, त्यानेच जमिनीचा चिखल केला होता. रथ त्यात रुतले.

अलेक्झांडरचा सेनापती क्रेटरस मूळ छावणीतच होता. पोरसाने सगळे हत्ती वळवले तरच नदीत पाय टाकायचा, काही काठावर ठेवले तर हलायचं नाही, असा त्याला हुकूम होता. लढाई फिरल्यावर तो ताज्या दमाची फौज घेऊन पार आला आणि पळणाऱ्यांच्या पाठी लागला.